चंद्रतळाला शिशाचे कवच का घालत नाहीत, आणि मग काय करतात?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. आपण चार माणसे तीस दिवस राहू शकतील अशा चंद्रतळाचा आराखडा करत आहात आणि प्रारणापासून (रेडिएशनपासून) बचाव म्हणून त्याच्या सर्व भिंतींना दहा सेंटिमीटर शिशाचे अस्तर दाखवले आहे. त्यावर कोणीतरी आक्षेप घेतला की शिसे चालणार नाही. तेव्हा आपण विचारता की क्ष-किरणांच्या खोलीला जे चालते ते इथे का चालू नये. अपोलोची याने पातळ भिंतींची असूनही अंतराळवीर सुखरूप परतले, तर आता एवढी काळजी कशासाठी, हा आपला दुसरा प्रश्न. आणि अणुभट्टीच्या अपघातात देतात तशा आयोडीनच्या गोळ्या घेऊन काही भागेल का, हा तिसरा.

माझे काम प्रारण-सुरक्षेचे आहे. आरंभी कण-प्रवेगकांभोवतीच्या, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांभोवतीच्या, भिंती किती जाड असाव्यात याची आकडेमोड करत होतो, पुढे तेच गणित अवकाशयानांसाठी करू लागलो. या कामात येणारा जवळजवळ प्रत्येक नवा अभियंता जाडीपासून सुरुवात करतो, आणि जमिनीवर ते योग्यही असते. कारण इथे उगम एका जागी असतो, भिंतीचे वजन कोणी मोजत नाही आणि माणूस कायम भिंतीच्या पलीकडे असतो. चंद्रमोहिमेत यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. तिथे विचारायचे ते असे: कण कोणत्या जातीचे, माणूस त्यांत किती काळ राहणार, आणि ते अचानक वाढू लागले तर तो किती मिनिटांत पुरेशा वस्तुमानाच्या आडोशाला पोहोचू शकतो. जाडी त्यानंतर येते, आणि तेव्हाही नवे वस्तुमान नेण्यापेक्षा असलेले वस्तुमान कोठे ठेवायचे याचाच विचार बहुधा करावा लागतो.

उगम तीन आहेत आणि त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की तिन्हींना एकच उपाय शोधणे हीच पहिली चूक ठरते.

पहिला उगम पृथ्वीभोवतीच्या व्हॅन अॅलन पट्ट्यांचा. १९५८ मध्ये एक्स्प्लोरर-१ उपग्रहावरील उपकरणामुळे जेम्स व्हॅन अॅलन यांना त्यांचा शोध लागला. आतल्या पट्ट्यात प्रामुख्याने जास्त ऊर्जेचे प्रोटॉन अडकलेले असतात, बाहेरच्यात इलेक्ट्रॉन. इथे राहायचे नसते, केवळ ओलांडायचे असते, आणि ते काम काही तासांचे असते. त्यामुळे मात्रा किती मिळणार हे भिंतीपेक्षा मार्गावर अधिक अवलंबून असते. अपोलो-११ च्या संपूर्ण मोहिमेत अंतराळवीरांना सरासरी १.८ मिलिग्रे मात्रा मिळाली (एककांचा अर्थ पुढे देतो), तर अपोलो-१४ मध्ये ११.४ मिलिग्रे. यानाची बनावट साधारण तीच होती. मात्र अपोलो-१४ चा मार्ग पट्ट्यांच्या गाभ्याच्या अधिक जवळून गेला होता. नासाच्या २०२२ च्या आर्टेमिस-१ या चंद्राकडे गेलेल्या मानवरहित उड्डाणात तर आणखी एक गोष्ट दिसली. पट्ट्यातून जात असताना ओरायन यानाची दिशा बदलली आणि तेवढ्याने आतील मात्रेचा दर सुमारे निम्म्यावर आला, कारण यानाचा जाड भाग कणांच्या मुख्य ओघाकडे वळला. एक ग्रॅमही वजन न वाढवता मिळालेले हे संरक्षण आहे. आपल्या तळाचा या उगमाशी संबंध नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

दुसरा उगम वैश्विक किरणांचा. आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून, सर्व दिशांनी, सतत येणारी ही अणुकेंद्रे आहेत. त्यांत सुमारे ८७ टक्के प्रोटॉन, १२ टक्के हेलियमची केंद्रके आणि उरलेला सुमारे एक टक्का त्यांहून जड केंद्रके असतात. हा एक टक्का दुर्लक्ष करण्यासारखा वाटतो, पण कण पदार्थातून जाताना वाटेत किती ऊर्जा सोडतो हे त्याच्यावरील विद्युतभाराच्या वर्गावर अवलंबून असते. लोहाच्या केंद्रकाचा भार २६, म्हणजे तेवढ्याच वेगाच्या प्रोटॉनच्या ६७६ पट ऊर्जा ते पेशींच्या एका ओळीत सांडून जाते. अपोलो-११ पासून पुढच्या अंतराळवीरांनी अंधारात, डोळे मिटलेले असतानाही, प्रकाशाचे ठिपके दिसल्याचे सांगितले; ते असेच कण डोळ्यांतून गेल्याचे परिणाम होते.

वैश्विक किरण थांबवता येत नाहीत, हे आधी मान्य करावे लागते. १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे कणाच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात आठ सेंटिमीटरच्या आत थांबतो. १००० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनला तीन मीटरहून अधिक पाणी लागते, आणि वैश्विक किरणांतला मोठा वाटा याच पट्टीतला किंवा त्याहूनही वरचा असतो. सुदैवाने त्यांची संख्या विरळ आहे. चीनच्या चांग-ई-४ या यानाने २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरून जी मोजमापे केली, त्यांनुसार पृष्ठभागावर दिवसाला सुमारे १.३७ मिलिसीव्हर्ट एवढी समतुल्य मात्रा मिळते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर त्या काळात जेवढी मिळत होती तिच्या सुमारे २.६ पट. मंगळाकडे जाताना क्युरिऑसिटी यानात दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट नोंदले गेले. चंद्रावर हा आकडा कमी आहे, कारण पायाखालचा चंद्र अर्धे आकाश झाकतो. चांद्रयान-१ वरील राडोम या बल्गेरियन उपकरणाने हाच परिणाम कक्षेतून टिपला होता: १०० किलोमीटर उंचीवर मात्रेचा दर तासाला नऊ-साडेनऊ मायक्रोग्रे होता, आणि यान २०० किलोमीटरवर नेल्यावर, चंद्र आकाशाचा थोडा कमी भाग झाकू लागल्याने, तो दहाच्या वर गेला.

मध्येच एकक-गोंधळाबद्दल सांगून टाकतो, कारण आपल्या आराखड्यातही तो झाला आहे. ग्रे हे एकक एक किलोग्रॅम ऊतीत किती ऊर्जा जमा झाली ते सांगते. सीव्हर्टमध्ये त्या ऊर्जेला कणाच्या जातीनुसार गुणवत्ता गुणकाने गुणलेले असते. चांग-ई-४ च्या मोजमापांत हा गुणक सरासरी ४.३ च्या आसपास होता. म्हणून अपोलोचे मिलिग्रे आणि आजचे मिलिसीव्हर्ट शेजारी मांडून थेट वजाबाकी करू नये. शिवाय तीव्र आजाराचे, म्हणजे उलट्या, रक्तपेशी घटणे यांचे, हिशेब ग्रेच्या भाषेत करतात आणि दीर्घकालीन कर्करोगाच्या जोखमीचे सीव्हर्टच्या.

तिसरा उगम सौरवादळांचा, आणि चंद्रमोहिमेची रचना मुख्यतः याच्याभोवती होते. वैश्विक किरण ही सततची रिपरिप असेल तर हे वादळ ढगफुटी आहे: एरवी काही नाही, आणि मग काही तासांत प्रोटॉनचा भडिमार. यांची ऊर्जा वैश्विक किरणांच्या मानाने कमी असते. बहुतेक प्रोटॉन काही दहा ते काही शे मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या टप्प्यातले. म्हणजे जो उगम अचानक आणि तीव्र आहे, नेमका तोच वस्तुमानाने अडवता येतो, आणि जो अडवता येत नाही तो संथ आहे. चंद्रमोहिमेच्या प्रारण-सुरक्षेची सारी आखणी या एका योगायोगावर उभी आहे.

आता शिशाकडे येतो. क्ष-किरण आणि गॅमा किरण हे प्रकाशकण आहेत आणि त्यांना शोषून घेण्यात जड अणू फार कामाचे ठरतात, म्हणून रुग्णालयात शिसे योग्य. अवकाशातला धोका विद्युतभारित कणांचा आहे. असे कण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देत देत मंद होतात, आणि दर ग्रॅममागे सर्वाधिक इलेक्ट्रॉन हायड्रोजनमध्ये असतात. शिशामध्ये ते फार कमी. दुसरे असे की, वेगवान प्रोटॉन शिशाच्या केंद्रकावर आदळला की त्यातून न्यूट्रॉनांचा झोत बाहेर पडतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो दूरवर जातो, आणि ज्यांच्यासाठी भिंत बांधली त्यांच्याच शरीरात शिरतो. अॅल्युमिनियममध्येही हे घडते, पण कमी प्रमाणात. पाणी आणि पॉलिइथिलीन यांत त्याहून कमी. वैश्विक किरणांच्या बाबतीत तर अॅल्युमिनियमची जाडी एका मर्यादेपलीकडे वाढवली की मात्रा कमी होणे थांबते आणि काही परिस्थितीत किंचित वाढूही लागते. अर्धवट जाड भिंत ही कधी कधी पातळ भिंतीपेक्षा फारशी बरी नसते, हे प्रवेगकांवर काम केलेल्यांना सांगावे लागत नाही, इतरांना मात्र पटवून द्यावे लागते.

आणि वजन. दहा सेंटिमीटर शिसे म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १.१३ टन. आपल्या तळाचे बाह्य क्षेत्रफळ शंभर चौरस मीटर धरले तरी अस्तरच ११३ टनांचे होते. आर्टेमिस-१ ला घेऊन गेलेले एसएलएस रॉकेट आपल्या पहिल्या आवृत्तीत चंद्राच्या दिशेने सुमारे २७ टन पाठवू शकते, आणि त्यातलेही सगळे वजन पृष्ठभागावर उतरत नाही. तेव्हा शिशाचा मुद्दा भौतिकशास्त्राने नाकारला नसता तरी वजनकाट्याने नाकारला असता.

अपोलोबद्दल आपण विचारले आहे, त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की त्या मोहिमा छोट्या होत्या, मार्ग विचारपूर्वक निवडलेले होते, आणि नशीबही होते. ऑगस्ट १९७२ च्या आरंभी अवकाशयुगातील मोठ्या सौरवादळांपैकी एक झाले. अपोलो-१६ त्याच वर्षी एप्रिलमध्ये परतले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये जायचे होते. नासाने नंतर केलेल्या हिशेबानुसार त्या वेळी अंतराळवीर कमांड मॉड्यूलमध्ये, म्हणजे चंद्राच्या कक्षेत राहणाऱ्या मुख्य यानात, असते तर त्यांच्या त्वचेला ३६० रॅड (जुने एकक; १०० रॅड म्हणजे एक ग्रे) आणि रक्त तयार करणाऱ्या अवयवांना ३५ रॅड, म्हणजे ३५० मिलिग्रे, मात्रा मिळाली असती. त्वचेला इजा झाली असती, रक्तपेशींवर परिणाम दिसला असता, पण यानात बसलेली माणसे बहुधा मेली नसती. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण या घटनेबद्दल ‘सगळे मेले असते’ असे सर्रास लिहिले जाते. ज्याची खरी भीती होती तो प्रसंग वेगळा: माणूस पृष्ठभागावर, अंगात केवळ अंतराळपोशाख, आणि जवळ असलेले ल्युनर मॉड्यूल, म्हणजे चंद्रावर उतरणारे यान, कमांड मॉड्यूलच्या मानाने फारच पातळ. अपोलो-१७ मध्ये सर्नन आणि श्मिट हे अंतराळवीर रोव्हरमधून (चंद्रावरच्या गाडीतून) ल्युनर मॉड्यूलपासून ७.६ किलोमीटरपर्यंत गेले होते. तिथून परतायला लागणारा वेळ, मग उड्डाणाची तयारी, मग कक्षेत फिरणाऱ्या कमांड मॉड्यूलशी जोडणी. एवढे झाल्यावर त्यांना बरी म्हणता येईल अशी भिंत मिळाली असती.

इथे वेळेचा हिशेब सुरू होतो, आणि माझ्या मते आपल्या आराखड्यात सर्वांत मोठी उणीव याचीच आहे. सौरज्वालेचा क्ष-किरणांतला उजेड साडेआठ मिनिटांच्या आत पोहोचतो. १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनचा वेग प्रकाशाच्या सुमारे ४३ टक्के असतो, म्हणजे सरळ रेषेत आला तरी त्याला १९-२० मिनिटे लागतात. प्रत्यक्षात तो सूर्यापासून निघालेल्या चुंबकीय क्षेत्ररेषेच्या वक्र वाटेने येतो, म्हणून आणखी उशिरा. ही वाट कोठे जाते त्यावर बरेच ठरते. पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्यबिंबाच्या पश्चिम भागात स्फोट झाला तर क्षेत्ररेषा पृथ्वी-चंद्राकडेच येण्याची शक्यता अधिक असते आणि कण लवकर पोहोचतात. पूर्व भागात झाला तर मात्रा हळूहळू चढते. २० जानेवारी २००५ ची घटना पहिल्या प्रकारातली होती: सुरुवात आणि शिखर यांत काही मिनिटांचेच अंतर होते. बहुतेक वादळांत मात्र एकूण मात्रेचा मोठा भाग पुढच्या अनेक तासांत मिळतो. म्हणून तासाभरात आडोशाला पोहोचलेला माणूस बहुतेक वादळांतली बहुतेक मात्रा टाळतो. ‘बहुतेक’ हा शब्द मी दोनदा मुद्दाम वापरला आहे. २००५ सारखी घटना तो गृहीत धरत नाही.

सूचना मिळण्याचे आणखी एक साधन आहे. वादळातले वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनांच्या आधी पोहोचतात, आणि त्यांच्या चढावावरून मागून येणाऱ्या प्रोटॉनांचा अंदाज बांधता येतो. ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात नासाचा एक गट केवळ अवकाशातील प्रारणाचे विश्लेषण करतो आणि मोहिमेच्या काळात अशा निरीक्षणांवर सतत नजर ठेवतो. तरीही उद्या वादळ होईल की नाही याचे भाकीत आजही भरवशाचे नाही. खोटे इशारेही महाग पडतात. प्रत्येक इशाऱ्याला बाहेरचे काम सोडून परत आले तर मोहीम हातची जाते, आणि चौथ्या खोट्या इशाऱ्यानंतर माणसे पाचव्याला सावकाश निघतात. आकडेमोडीत हे कोठे दिसत नाही, पण नियम लिहिताना विसरता येत नाही.

म्हणून मी बाहेरच्या कामाची आखणी तपासतो तेव्हा अंतराऐवजी परतीची मिनिटे मागतो. रोव्हर ताशी दहा किलोमीटरने चालत असेल आणि माणसे पाच किलोमीटरवर असतील तर अर्धा तास वाटेत गेला. अवजारे टाकून गाडीत बसण्यात आणि हवाबंद दालनातून आत येण्यात आणखी वेळ. पोशाख उतरवून आडोशापर्यंत पोहोचण्याचाही धरावा लागतो. हा सगळा वेळ एका तासाच्या आत बसला पाहिजे, आणि रोव्हर बंद पडला तर काय, याचे उत्तर वेगळे लिहिलेले पाहिजे. पोशाखात असताना उलटी होणे हा जीवघेणा प्रसंग ठरू शकतो, आणि मळमळ-उलटी यांची सुरुवात अर्ध्या ते एक ग्रेच्या तीव्र मात्रेपासून होऊ शकते. तेव्हा बाहेरच्या माणसासाठी धोक्याची पातळी अस्थिमज्जेच्या विचाराने ठरते तिच्यापेक्षाही आधी येऊ शकते.

याच संदर्भात एक गैरसमज. सूर्य ज्या बाजूला आहे त्या बाजूला मोठा खडक ठेवून सावलीत बसले तर सौरवादळापासून बचाव होईल, असे आपल्या टिपणात लिहिले आहे. प्रकाशासाठी ते खरे आहे, प्रोटॉनांसाठी नाही. ते क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घेत आणि विखुरत येतात, त्यामुळे सुरुवातीचा थोडा वेळ सोडला तर जवळजवळ सर्व दिशांनी येतात. उंच कड्याच्या पायथ्याशी उभे राहिल्याने फायदा होतो, पण तो कडा आकाशाचा जेवढा भाग झाकतो तेवढाच. सूर्य कोणत्या बाजूला आहे याला अर्थ नाही. पौर्णिमेच्या आसपास चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या शेपटीतून जातो, म्हणून त्या दिवसांत जावे, ही सूचनाही अधूनमधून ऐकू येते. त्या शेपटीतले क्षेत्र इतके क्षीण असते की आपल्याला ज्यांची भीती आहे ते कण त्याला जुमानत नाहीत.

आडोसा कसा करतात याचे चांगले उदाहरण ओरायन यानात आहे. तिथे वादळासाठी वेगळी जड खोली नाही. इशारा मिळाला की अंतराळवीरांनी यानाच्या खालच्या भागातील सामानाचे कप्पे मोकळे करून त्यांत शिरायचे आणि बाहेर काढलेल्या पिशव्या आपल्याभोवती रचायच्या, अशी योजना आहे. आर्टेमिस-१ मध्ये हेल्गा आणि झोहर अशी नावे दिलेल्या दोन मानवाकृती मात्रामापकांसह बसवल्या होत्या, शिवाय यानात ठिकठिकाणी मापक होते. सर्वाधिक आणि सर्वांत कमी झाकलेल्या जागांतील मात्रेत चौपटीपर्यंत फरक आढळला. मोठ्या सौरवादळातही आडोशाच्या जागी मात्रा १५० मिलिसीव्हर्टच्या खाली राहील, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. एका छोट्या यानात दोन जागांमधला फरक चौपट असू शकतो, हे कळल्यावर भिंत सगळीकडे सारखी जाड करण्याचा आग्रह आपोआप मागे पडतो.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: पट्टे मार्गाने हाताळायचे, सौरवादळ आडोसा आणि वेळ यांनी, आणि वैश्विक किरण मुक्कामाच्या लांबीने. या तिसऱ्या भागाबद्दल आता बोलतो, कारण तिथे उत्तर परिस्थितीनुसार खरोखर बदलते.

आपल्या तीस दिवसांसाठी पातळ भिंत धरून पृष्ठभागावर सुमारे ४१ मिलिसीव्हर्ट, जाण्यायेण्याच्या सहा दिवसांचे आणखी दहा-अकरा, असे पन्नासच्या थोडे वर जातात. पृथ्वीवर नैसर्गिक प्रारणाची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट आहे आणि प्रारणाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी शिफारस केलेली सरासरी मर्यादा वर्षाला २०, तेव्हा पन्नास हा आकडा लहान नाही. पण नासाने २०२२ पासून संपूर्ण कारकिर्दीसाठी ठेवलेली मर्यादा ६०० मिलिसीव्हर्ट आहे, वय किंवा लिंग काहीही असो. ती ३५ वर्षांच्या स्त्रीसाठी कर्करोगाने मृत्यूची जोखीम सरासरी तीन टक्क्यांनी वाढेल या हिशेबावर बेतलेली आहे. युरोपीय अंतराळ संस्थेची मर्यादा १००० आहे. म्हणजे आपल्या मुक्कामात कारकिर्दीच्या मर्यादेचा दहावा भागही खर्च होत नाही, आणि तेवढ्यासाठी वैश्विक किरणांविरुद्ध भिंत उभारण्याचे कारण नाही. हाच मुक्काम सहा महिन्यांचा केला तर २५० च्या आसपास, वर्षाचा केला तर ५००. तिथे गणित उलटते आणि तळावर चंद्राच्या मातीचा थर लागतो. ज्याने आधी स्थानकावर दोन दीर्घ मुक्काम केले आहेत त्याच्यासाठी ते आणखी लवकर उलटते.

पृष्ठभागाचे हे आकडे सौरचक्राच्या, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराच्या, तळाच्या काळातले आहेत, जेव्हा वैश्विक किरण सर्वाधिक असतात. सूर्य सक्रिय असताना त्याचे चुंबकीय क्षेत्र त्यांना अधिक अडवते आणि मात्रा जवळजवळ निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. मात्र तेव्हा वादळे वाढतात. मग कधी जावे? छोट्या मोहिमेसाठी मी या कारणावरून तारीख बदलणार नाही. दीर्घ मुक्कामासाठी, चांगला आडोसा असेल तर, मी सक्रिय सूर्याची वर्षे निवडीन, कारण वादळापासून लपता येते. शिखराचे वर्ष उलटले की वादळांचा धोका टळला असे मात्र समजू नये. १९७२ आणि २००५ या दोन्ही घटना चक्र उतरणीला लागल्यावरच्या आहेत.

गोळ्यांचे उत्तर सोपे आहे. पोटॅशियम आयोडाइड गलग्रंथीत किरणोत्सारी आयोडीन साठू नये म्हणून देतात. अवकाशात असे आयोडीन शरीरात जातच नाही, बाहेरून येणारे प्रोटॉन गोळीने थांबत नाहीत. औषधपेटीत उलटी थांबवणारी औषधे मात्र हवीत.

तेव्हा आराखड्यात बदल असा सुचवतो. भिंतींचे शिसे पूर्ण काढा. तळाच्या मध्यभागी चार जणांना दाटीवाटीने बसता-निजता येईल अशी एकच जागा ठरवा: दोन मीटर लांब, दीड रुंद, सव्वा मीटर उंच पुरे. तळाखाली चंद्र आहे, म्हणून खालच्या बाजूला काही नको. वरची आणि चार बाजू मिळून पावणेबारा चौरस मीटर होतात. दर चौरस सेंटिमीटरला २० ग्रॅम एवढे आवरण हवे असेल तर सुमारे २.३५ टन. त्यातले जेवढे पाणी, अन्न आणि पॅकिंगचे प्लास्टिक यांनी भागते तेवढे आधी मोजा; ते तसेही नेणारच आहात, फक्त पाण्याच्या टाक्या बाहेरच्या भिंतीला न लावता या जागेभोवती आणा, आणि तीस दिवसांत पाणी व अन्न संपत जाईल तशी त्यांच्या जागी सांडपाण्याची आणि कचऱ्याची पिशवी येईल, अशी व्यवस्था ठेवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात आडोसा रिकामा झालेला असेल. उरलेली तूट चंद्राच्या मातीने भरा. पोत्यांत भरलेल्या मातीची घनता १.६ धरली तर साडेबारा सेंटिमीटर थर २० ग्रॅम देतो. ती दर ग्रॅममागे पाण्याइतकी प्रभावी नाही, म्हणून २५ सेंटिमीटर धरा, वजन तिथे एक षष्ठांशच जाणवेल. ही पोती तळाच्या बाहेरून, आडोशाच्या छतावर आणि बाजूंना येतील, तेव्हा त्या भागाची चौकट त्यांचा भार पेलेल अशी तपासून घ्या. सहा महिन्यांच्या आवृत्तीसाठी हाच थर संपूर्ण तळावर आणि मीटर-दोन मीटरपर्यंत वाढवावा लागेल; एवढी माती उचलणारे यंत्र हा तेव्हा आराखड्यातला सर्वांत महागडा भाग ठरू शकतो.

आणि नकाशावर तळाभोवती परतीच्या वेळेची वर्तुळे काढा: वीस मिनिटांचे, चाळीस मिनिटांचे, साठ मिनिटांचे. ती गोल येणार नाहीत, कारण चढ, विवरांच्या कडा आणि खडकाळ जमीन रोव्हरला अडवतील. आपण दाखवलेली खोदकामाची दुसरी जागा साठच्या रेषेबाहेर पडते असे मला अंतरावरून वाटते. तिथे काम करायचेच असेल तर जवळ मातीच्या पोत्यांचा दुसरा छोटा आडोसा आधी उभा करावा लागेल.